काच कोणाची, गणित कोणाचे?

इंदापूर तालुक्यातील वरकुट्यासारख्या गावी उसाचा भाव आणि पाण्याची पाळी हेच अर्थशास्त्राचे मुख्य विषय असणार, हे उघड आहे. तथापि ग्रामपंचायती प्रकाशतंतूंनी जोडण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली (तीच पुढे ‘भारतनेट’ झाली), तेव्हापासून केसासारखा एक काचेचा धागा खेड्यांच्या व्यवहारात शिरू लागला आहे. त्या धाग्याचे मोल कशात, हा प्रश्न म्हणूनच खेड्याला परका नव्हे.

ते निव्वळ काचेत नाही. वाळूतील सिलिकाच येथे अतिशुद्ध रूपात असते. सव्वाशे मायक्रॉन जाडीच्या तंतूच्या मध्यभागी आठ-नऊ मायक्रॉनचा गाभा असतो. त्यात जर्मेनियमचा अंश मिसळून त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकविण्याची शक्ती, किंचित वाढविलेली असते. ही वाढ अर्ध्या टक्क्याहूनही कमी. गाभा किती रुंद आणि वाढ किती, हे मॅक्सवेलची विद्युतचुंबकीय समीकरणे सोडवून ठरते. गाभा दुप्पट रुंद केला, तर प्रकाश अनेक वाटांनी धावतो आणि दूर जाता जाता संदेश विसकटतो.

१९६६ साली चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखविले की, काचेत प्रकाश विझतो तो मुख्यतः अशुद्धतेमुळे; किलोमीटरभरानंतर शंभरातील एक भाग उरला तरी काम भागेल. आजच्या उत्तम तंतूत पंधरा किलोमीटरनंतरही निम्मा प्रकाश उरतो. योगायोग असा की, त्याच वर्षी केन यी यांनी अवकाशाचे बारीक घन पाडून तीच समीकरणे संगणकावर क्षणाक्षणाने पुढे नेण्याची रीत मांडली. प्रकाशीय पदार्थ भट्टीत जाण्यापूर्वी आकड्यांत तपासण्याच्या प्रमुख रीतींपैकी ती आज एक आहे.

प्रकाशतंतू महाराष्ट्रात बनतो. छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीच्या औरंगाबादेत) स्टरलाइटचा कारखाना आहे. भट्टीला भांडवल लागते, ते वरकुट्याने कोठून आणावे? गणिताची गोष्ट मात्र वेगळी. यी यांच्या रीतीवर चालणारी ‘मीप’ ही मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेली आज्ञावली कोणालाही विनामूल्य मिळते. प्रवेशाचा अडसर येथे पैशाचा उरलेला नाही. तो शिकविणाऱ्याचा आहे, आणि हे आपल्याकडे अजून नीट कोणी मनावर घेतलेले दिसत नाही. मॅक्सवेल फळ्यावर सुरू होतो आणि उत्तरपत्रिकेत संपतो. संगणक वेगळ्या तासाला, वेगळ्या खोलीत. गाभा रुंद केल्यावर प्रकाश कसा फुटतो, हे पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला साध्या संगणकावर दोन-चार दुपारींत पाहता येईल. त्यासाठी भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने संगणकाच्या प्रयोगशाळेची किल्ली मागावयास हवी.