कालची मांडणी, आजचा पडदा (लेखमाला : भाग ९)

मागच्या आठवड्यात आपण सेटिंग्ज पाहिल्या. अक्षरांचा आकार, भाषा, फाइल कुठे ठेवायची वगैरे. हे सगळं वापरणारा मुद्दाम ठरवतो. पण विंडो पडद्यावर कुठे होती, बाजूचं पॅनेल उघडं होतं की मिटलेलं, तक्त्यातला कोणता रकाना ओढून रुंद केला होता, हे कुणी बसून ठरवत नाही. काम करता करता होऊन जातं. दुसऱ्या दिवशी ते जागेवर नसलं की मात्र चिडचिड होते. लिनक्सवर सेटिंग्जसाठी वेगळं फोल्डर आधीपासून होतं; अशा 'स्थिती'साठी स्वतंत्र फोल्डर एक्सडीजीच्या, म्हणजे लिनक्स डेस्कटॉपसाठीच्या सामाईक नियमांत २०२१ मध्ये नेमून दिलं गेलं. इतका उशीर का लागला, याचं मला नवलच वाटतं.

साठवणं सोपं असतं. डावी कड, वरची कड, रुंदी, उंची असे चार आकडे प्रोग्राम बंद होताना लिहून ठेवायचे. गोची होते ती ते परत लावताना.

विंडोजवरची एक जुनी फजिती पाहा. मिनिमाइझ केलेली विंडो नाहीशी होत नाही. विंडोज तिला आडवं-उभं दोन्हीकडे उणे ३२,००० वर नेऊन ठेवतं. त्या अवस्थेतच टास्कबारवरून प्रोग्राम बंद केला आणि प्रोग्रामरने भोळेपणाने तेच आकडे लिहून घेतले, की पुढच्या वेळी टास्कबारवर नाव दिसतं, विंडो कुठेच नाही! वापरणारा प्रोग्राम काढून पुन्हा टाकतो, तरी फरक पडत नाही, कारण रजिस्ट्रीतले आकडे बहुधा तसेच राहिलेले असतात. (सुटकेचा मार्ग : ऑल्ट-स्पेस, मग एम, मग कुठलंही बाणाचं बटण, आता माउस हलवला की विंडो त्याच्यामागे येते.) विंडोजमधलं 'गेट-विंडो-प्लेसमेंट' हे फंक्शन विंडोची अवस्था आणि तिचा मूळ आकार वेगवेगळे देतं. ते वापरलं की हा प्रश्न मिटतो. मॅक्सिमाइझ केलेल्या विंडोचंही तसंच. नुसता पूर्ण पडद्याचा आकार साठवला, तर पुढच्या वेळी विंडो लहान करायला गेलं तरी ती तेवढीच राहते.

दुसरी अडचण मॉनिटरची. ऑफिसात लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडलेला होता, घरी नाही. म्हणून कालचे आकडे हुकूम समजून पाळायचे नसतात. हा चौकोन आज जोडलेल्या कुठल्या पडद्यावर पडतो का, ते आधी पाहायचं. पडत नसेल तर विंडो आत ओढायची. निदान माउसने पकडता येईल इतकी शीर्षकपट्टी दिसलीच पाहिजे, असं माझं मत. क्यूट या लायब्ररीचं 'रिस्टोअर-जॉमेट्री' ही तपासणी स्वतःच करतं. लिनक्सवरच्या वेलँड या विंडो दाखवणाऱ्या व्यवस्थेत तर प्रोग्रामला आपली विंडो पडद्यावर कुठे आहे हे कळतच नाही आणि ती जागा ठरवताही येत नाही. तिथे आकारावरच समाधान मानायचं.

क्यूटमध्ये टूलबार आणि डॉक (कडेला चिकटवता येणारी पॅनेलं) यांची मांडणी वेगळी साठवावी लागते. प्रत्येकाला कोडमध्ये एकमेव असं ऑब्जेक्ट-नाव दिलेलं नसेल, तर परत लावताना कोण कुठला ते ओळखता येत नाही. सोबत आवृत्तीचा आकडाही देता येतो. नव्या आवृत्तीत मांडणी बदलली की हा आकडा वाढवायचा, म्हणजे जुनी माहिती नाकारली जाते. हा आकडा वाढवायला बरेच जण विसरतात.

साठवायचं केव्हा? फक्त बंद होताना साठवलं, तर प्रोग्राम कोसळला त्या दिवशी सगळं जातं, आणि गरज नेमकी त्याच दिवशी असते. फायरफॉक्स उघड्या टॅबची नोंद साधारण दर १५ सेकंदांनी करतो. पण कोसळायला कारण झालेलं पानच परत उघडलं तर? म्हणून लागोपाठ कोसळल्यावर तो मुकाट्याने सगळं उघडत नाही. टॅबची यादी समोर ठेवतो आणि कोणते हवेत ते विचारतो.

काही गोष्टी तर साठवूच नयेत. प्रिंटच्या चौकटीत प्रिंटरचं नाव लक्षात ठेवलं तर सोय होते. 'फक्त पान ३' ही निवड लक्षात ठेवली, तर उद्या चाळीस पानांच्या अहवालातलं एकच पान बाहेर पडेल. माझी कसोटी साधी आहे : जुनी निवड नजरेतून सुटली तर काम बिघडेल का? बिघडणार असेल, तर ती चौकट प्रत्येक वेळी कोरीच उघडावी.

पुढच्या भागात 'अनडू'.