चालू दप्तराची नक्कल

छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल झाला की त्याला सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. पुढची प्रत्येक तारीख आणि प्रत्येक आदेश त्याच क्रमांकाखाली नोंदला जातो. देशातल्या इतर जिल्हा न्यायालयांप्रमाणे इथेही ही नोंद सीआयएस या प्रणालीत होते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयाने ती मुक्तस्रोत साधनांवर उभारली असून तिच्या मुळाशी पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस आहे. कागदी फाइलची नक्कल काढायची तर फाइल तेवढा वेळ बाजूला ठेवता येते. डेटाबेसमध्ये मात्र नक्कल निघत असतानाही लिपिक नोंदी करतच असतात.

म्हणूनच डेटाबेसच्या फाइली साध्या 'सीपी' या नक्कल करणाऱ्या आज्ञेने उचलून चालत नाही. पोस्टग्रेसक्यूएल डिस्कवर आठ किलोबाइटच्या पानांत लिहितो. पहिले पान उचलल्यापासून शेवटचे उचलेपर्यंत वीस मिनिटे गेली, तर एका पानावर दावा निकाली आणि दुसऱ्यावर तोच प्रलंबित अशी नक्कल हाती येते. काही बदल तर अजून मेमरीतच असतात. अशी प्रत कधीकधी उघडतच नाही; उघडली आणि चुकीचे सांगू लागली, तर ते अधिक वाईट.

योग्य आज्ञा आहे 'पीजी_डम्प'. एखादी ओळ बदलली तरी पोस्टग्रेसक्यूएल तिचे जुने रूप लगेच पुसत नाही. त्यामुळे आज्ञा सुरू झाली त्या क्षणी डेटाबेस जसा होता तसाच तो शेवटपर्यंत वाचता येतो आणि लिहिणाऱ्यांना थांबावे लागत नाही. अडते ते फक्त तक्त्याची रचना बदलण्याचे काम. मायएसक्यूएलमध्ये 'मायएसक्यूएलडम्प'ला 'सिंगल ट्रान्झॅक्शन' हा पर्याय देऊन हेच साधते, पण तक्ते इनोडीबी प्रकारचे असले तरच. आज्ञेचे निष्पन्न पाइपच्या उभ्या रेघेतून थेट दुसऱ्या सर्व्हरवरच्या 'पीएसक्यूएल'कडे सोडले, तर मधे फाइल न करताही प्रत उतरते. वापरकर्ते आणि त्यांचे पासवर्ड मात्र 'पीजी_डम्प'मध्ये येत नाहीत. त्यासाठी 'पीजी_डम्पऑल' वेगळी चालवावी लागते, आणि नेमके हेच बहुतेकांच्या ध्यानातून सुटते.

नक्कल एका क्षणाची असते. जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये बदलले. 2022 मधली प्रत आज उघडली तर तिच्यात औरंगाबादच दिसेल. तसेच रात्री दोनला घेतलेल्या प्रतीत दुपारच्या तारखा नसतात. ही फट भरून काढते ती बदलांची सलग नोंदवही, म्हणजे 'वॉल'. 'पीजी_बेसबॅकअप'ने पूर्ण प्रत घेऊन ही नोंदवही जपत राहिले, तर हव्या त्या मिनिटापर्यंत परत जाता येते. नोंदवहीच्या आधारे असे मागे जाण्याची सोय 2005 च्या 8.0 आवृत्तीपासून आहे; 'पीजी_बेसबॅकअप' ही आज्ञा मात्र नंतर आली. 2010 च्या 9.0 पासून हीच नोंदवही दुसऱ्या सर्व्हरकडे सतत वाहती ठेवता येते. पण त्या जोडसर्व्हरला बॅकअप समजणे धोक्याचे आहे. चुकून पुसलेली ओळ तिथेही काही क्षणांत पुसली जाते.

गिटलॅब या कंपनीत 31 जानेवारी 2017 रोजी एका अभियंत्याने दुय्यम समजून मुख्य सर्व्हरवरच्या डेटाबेसचा फोल्डर पुसला. रोजच्या 'पीजी_डम्प'चा आधार घ्यावा, तर ती आज्ञा 9.2 आवृत्तीची आणि सर्व्हर 9.6 चा, त्यामुळे प्रत निघतच नव्हती. तसे कळवणारे ईमेलही नाकारले जात होते. सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली डिस्कची एक प्रत होती म्हणून बाकीचे वाचले. मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्या.

म्हणून ठरलेल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमध्ये आज्ञा लावली की काम संपत नाही. ठरलेल्या दिवशी ताजी प्रत रिकाम्या सर्व्हरवर 'पीजी_रिस्टोअर'ने उतरवायची, नोंदींची संख्या जुळवायची, दोन-चार दावे उघडून रोजनामा वाचायचा. एक प्रत दुसऱ्या इमारतीत, शक्यतो दुसऱ्या शहरात ठेवायची आणि ती कूटबद्ध करायची. न्यायालयाच्या नोंदींत लैंगिक अत्याचाराच्या पीडितांची नावे असतात, आणि भारतीय न्याय संहितेचे कलम 72 ती उघड करण्यास मनाई करते. मूळ सर्व्हरला कुलूप आणि त्याची नक्कल कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवर, हे अक्षम्य आहे. चाचणी किंवा प्रशिक्षणासाठी प्रत हवी असेल, तर नावे, पत्ते आणि मोबाइल क्रमांक बदलणाऱ्या आज्ञा आधी चालवायच्या आणि मगच तो सर्व्हर इतरांसाठी खुला करायचा.