दप्तराचा वापर आणि त्याची मोजदाद

अभिलेखागाराची उपयुक्तता आकड्यांनी सिद्ध करावी, ही मागणी बहुधा अनुदानाच्या प्रश्नाबरोबर येते. ती टाळणे इष्ट नव्हे. १९९१ साली पॉल गिन्सपार्ग यांनी भौतिकशास्त्रीय संशोधनलेखांचे ‘अर्काइव्ह’ हे संगणकीय भांडार सुरू केले. पुढे ते कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे आले. २०१० साली या ग्रंथालयाने, ज्या संस्थांतून सर्वाधिक लेख उतरवून घेतले जात होते, त्यांच्याकडेच ऐच्छिक वर्गणी मागितली. कोण किती घेतो याची नोंद नसती, तर हे मागणे निराधार ठरले असते.

तथापि आकडा नेमका कशाचा, हे आधी ठरवावे लागते. संगणकीय साहित्याच्या वापराची मोजणी करणाऱ्या ‘काउंटर’ या संकेतानुसार तीस सेकंदांच्या आत त्याच वाचकाने तोच लेख पुन्हा मागितल्यास ती एकच मागणी धरतात. यंत्रांची स्वयंचलित ये-जाही वगळतात. एवढे चाळूनही हाती उरते ती मागणीची संख्या, वाचनाची नव्हे.

मराठी कागदपत्रांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. पुण्याच्या पेशवे दप्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. या कामाची मोजदाद केवळ हजेरीपटावरून केली, तर संपादक आणि त्यांचे मोजके साहाय्यक एवढेच ‘वाचक’ भरतील. उलट, ज्यांनी दप्तराचा उंबरठाही ओलांडला नाही, असे कितीतरी अभ्यासक या खंडांच्या आधारे लिहीत आले. म्हणजे दप्तराने आपले कार्य जितके चोख करावे, तितकी त्याच्या दारातील वर्दळ घटण्याचा संभव! अशा वापराचा माग पायटीपांतूनच लागतो. आणि तेथे खंड व लेखांक न देता ‘पेशवे दप्तर’ एवढेच मोघम लिहिणारा अभ्यासक तो पुरावा अर्धा पुसून टाकतो.

नोंदवहीत आणखी एक रकाना असावा: विफल मागण्यांचा. रुमाल सापडला, पण मोडी वाचता न आल्याने वाचक परतला, ही नोंद सहसा कोठेच राहत नाही. वस्तुतः मोडी जाणकाराच्या नेमणुकीची मागणी करताना शंभर सह्यांपेक्षा अशा दहा नोंदी अधिक उपयोगी पडतील.