एका पानाची प्रेमकथा

मंडळी, वेक्सफर्डला १९०२ साली सुरू झालेल्या 'आयर्लंड्स ओन' या साप्ताहिकात छोट्या कथा हटकून असतात. एका पानात ओळख, विरह, लग्न सगळे मावत नाही. म्हणून प्रेमकथा ऐन पेचातच सुरू व्हावी. माणसे दोन, पेच एक. तो योगायोगाने सुटला तर वाचक हिरमुसतो. दोघांपैकी एकाने पाऊल उचलले तर पटते.

आपल्याकडे प्रेम पुष्कळदा लग्नानंतर जमते. तेव्हा क्लोनडॉकिनमधल्या घरातला अबोलाही कथेचा विषय होतो. इथे समजूत घालायला आत्या-मावशी नाहीत. तो दोघांनाच मोडायचा असतो. 'त्याचे तिच्यावर प्रेम होते' असे लिहू नका. रात्रपाळीहून येणाऱ्या बायकोसाठी त्याने झाकून ठेवलेला वरणभात दाखवा आणि तिथेच थांबा.

मग, दिवाळीला लिहिणार ना?