सुट्या भागांतून साकारलेले इंजिन

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला भोसले राजघराणे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. या तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना, कावेरीच्या सुपीक खोऱ्यात, पापनाशम हे रेल्वे स्थानक लागते. रेल्वेच्या इतिहासात हा परिसर एका वेगळ्या कारणाने लक्षात राहतो. नागपट्टिणम ते तंजावर हा लोहमार्ग १८६१ मध्ये सुरू झाला, तो ब्रॉडगेज होता. १८७० च्या दशकात तो मीटरगेज करण्यात आला. पापनाशमवरून जाणारा मार्गही मीटरगेजच होता. पुढे १९९२ मध्ये भारतीय रेल्वेने देशभर एकाच रुंदीचे मार्ग करण्याचे धोरण हाती घेतले आणि या भागात पुन्हा ब्रॉडगेज आले.

रूळ बदलले की त्यांवर धावणारी इंजिनेही निरुपयोगी ठरतात. मीटरगेज म्हणजे दोन रुळांतील अंतर १००० मिलिमीटर, तर भारतीय ब्रॉडगेज म्हणजे १६७६ मिलिमीटर. दक्षिणेतील मीटरगेज मार्गांवर ‘वायडीएम-४’ जातीचे डिझेल इंजिन सर्रास दिसे. त्याची रचना अमेरिकेतील अल्को कंपनीची. १९६१ पासून ही इंजिने भारतात येऊ लागली आणि १९६८ पासून वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. सहा सिलिंडरांचे यंत्र, एकच चालक-केबिन आणि तिच्या एका बाजूस लांब, तर दुसऱ्या बाजूस आखूड आच्छादन, असे त्याचे रूप होते. एके काळी देशात या जातीची शेकडो इंजिने होती. आज ती मोजक्याच ठिकाणी आढळतात.

जी वस्तू रोज दिसते, ती जपून ठेवण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. राजाची पालखी संग्रहालयात जाते, भाजीवाल्याची हातगाडी जात नाही. वायडीएम-४ चेही काहीसे तसेच झाले. बाजारात परदेशी इंजिनांची मॉडेले अनेक मिळतात. या इंजिनाचे तयार मॉडेल मात्र सहजासहजी मिळत नाही. अशा वेळी छंदप्रेमी ‘किटबॅशिंग’चा मार्ग धरतात. किटबॅशिंग म्हणजे दोन-तीन वेगवेगळ्या मॉडेलांचे भाग कापून, जोडून आणि उरलेले भाग स्वतः घडवून हवे ते मॉडेल तयार करणे.

या कामाचा पाया आहे प्रमाण. मॉडेलांसाठी जगभर लोकप्रिय असलेले एक प्रमाण म्हणजे १:८७. मूळ वस्तूचे प्रत्येक माप ८७ ने भागले की मॉडेलचे माप मिळते. वायडीएम-४ च्या चाकाचा व्यास ९६५ मिलिमीटर. मॉडेलमध्ये तो सुमारे ११ मिलिमीटर होतो. येथे एका मिलिमीटरची चूक म्हणजे मूळ इंजिनात ८७ मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ चार बोटे रुंदीची चूक होय.

हाच हिशेब रुळांना लावला की एक गमतीदार गोष्ट दिसते. १००० ला ८७ ने भागल्यास साडेअकरा मिलिमीटर येतात. या प्रमाणातील मीटरगेज मॉडेलांसाठी १२ मिलिमीटर रुंदीचा मार्ग वापरतात, म्हणजे फरक अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. ब्रॉडगेजचे उत्तर मात्र सव्वाएकोणीस मिलिमीटर येते आणि बाजारातील प्रचलित मार्ग साडेसोळा मिलिमीटरचा असतो. त्यामुळे ब्रॉडगेज इंजिनाचे मॉडेल पाय जवळ घेऊन उभे असल्यासारखे दिसते. मीटरगेजचे मॉडेल याबाबतीत मुळाशी अधिक प्रामाणिक राहते. शिवाय १:१२० या लहान प्रमाणातील मॉडेलेही १२ मिलिमीटरच्याच मार्गावर धावतात. म्हणून त्यांतील मोटार आणि चाके बसवलेला सांगाडा येथे उपयोगी पडू शकतो. सांगाडा एका मॉडेलचा आणि वरचे आच्छादन दुसऱ्याचे, अशी जुळवणी करता येते.

मूळ इंजिन समोर नसेल, तर मापे कोठून आणावीत? रेल्वेचे आराखडे मिळाले तर उत्तमच. नाही तर बाजूने सरळ घेतलेले छायाचित्रही उपयोगी पडते. समजा, छायाचित्रात चाक १९.३ मिलिमीटर भरले. मूळ चाक ९६५ मिलिमीटरचे आहे. म्हणजे छायाचित्रातील एक मिलिमीटर बरोबर मूळचे ५० मिलिमीटर. आता त्याच छायाचित्रात केबिनचे दार ३६ मिलिमीटर असेल, तर मूळ दार १८०० मिलिमीटरचे आणि मॉडेलमधील दार सुमारे २०.७ मिलिमीटरचे होईल. एका ज्ञात मापावरून अनेक अज्ञात मापे काढण्याची ही रीत शाळेतील त्रैराशिकाचीच आहे. छायाचित्र तिरके असेल, तर मात्र हा हिशेब फसतो.

मापे निश्चित झाल्यावरच करवत हातात घ्यावी. कापताना रेषेच्या किंचित बाहेरून कापावे आणि कानशीने घासत रेषेपर्यंत यावे; जास्त कापलेले परत येत नाही. कडा काटकोनात आहेत की नाहीत, हे गुण्या लावून पाहावे. दोन भाग प्लॅस्टिक विरघळवून जोडणाऱ्या द्रवाने चिकटवावेत आणि सांध्याच्या आतून पातळ पट्टी लावावी. फटी पुट्टीने भरून पॉलिश पेपरने घासाव्यात. हाताचे कठडे पितळी तारेचे करावेत. भारतीय मीटरगेज गाड्यांना दोन बाजूंना दोन बफर नसतात, मध्यभागी एकच असतो; म्हणून परदेशी मॉडेलची जोडणी काढून तेथे योग्य बफर बसवावा लागतो. शेवटी राखाडी प्रायमरचा एक हात द्यावा. वेगवेगळ्या रंगांच्या तुकड्यांत लपलेले उंचवटे आणि ओरखडे त्या एकरंगी थरावर उघडे पडतात. ते दुरुस्त केल्यावरच अंतिम रंग आणि क्रमांक द्यावा.

पुण्यातील कोथरूड भागात १९९८ मध्ये सुरू झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयामुळे असा छंद मराठी माणसाला अपरिचित राहिलेला नाही. तथापि नामशेष होत चाललेल्या इंजिनाचे मॉडेल हे केवळ शोभेचे खेळणे नसते. उद्या मूळ इंजिन पाहिलेले कोणी उरले नाही, तर पाहणारा या मॉडेललाच पुरावा मानेल. म्हणून जाणकार कारागीर मॉडेलसोबत एक कागद ठेवतो. कोणते माप आराखड्यातून घेतले, कोणते छायाचित्रावरून काढले आणि कोणते केवळ अंदाजाने धरले, हे तो त्यावर स्पष्ट लिहितो. त्या कागदामुळे पुढच्या कारागिराला आधीच्या कामातील चूक शोधता येते आणि सुधारताही येते.