अरण्यातले न वाढणारे मूल : वनबालकांच्या भयाचा मागोवा

लोककथांमधल्या राक्षसाचे, चेटकिणीचे किंवा नरभक्षक लांडग्याचे भय समजायला सोपे असते, कारण त्यांचा हेतू उघड असतो आणि त्यांच्यापासून पळ काढण्यात कोणाला संकोच वाटत नाही. परंतु रानात एकटे भेटणारे, मुलासारखे दिसणारे आणि तरीही मूल नसलेले अस्तित्व ऐकणाऱ्याला एकाच वेळी जवळ ओढते आणि दूर लोटते, आणि ही ओढाताणच त्याच्या भयाचे मूळ आहे. ज्यांचे रूप लहान मुलाचे आणि वस्ती झाडाझुडपांत असते अशा अमानवी पात्रांना येथे सोयीसाठी ‘वनबालक’ म्हटले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लोककथासंग्रह, नाटक, कादंबरी, चित्रपट आणि व्हिडिओ गेम असा या वनबालकाचा प्रवास झाला. त्या प्रवासात त्याची दाहकता कधी ओसरली तर कधी पुन्हा उसळली, आणि त्या चढउताराचे कारण बहुतेक वेळा एकच राहिले : या मुलाची वाढ कोणी थांबवली, हे कथेला आठवते आहे की नाही.

हे कारण सर्वांत स्पष्ट दिसते ते उत्तर युरोपातल्या परंपरेत. नॉर्वेत ‘उतबुर्द’ आणि स्वीडनमध्ये ‘म्यूलिंग’ म्हणून ओळखले जाणारे भूत म्हणजे जन्मतःच रानात, दगडांच्या कपारीत किंवा दलदलीत टाकून दिलेल्या अर्भकाचा आत्मा. त्याला नाव मिळालेले नसते, त्याचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने शुद्ध करून ख्रिस्ती समाजात प्रवेश देणारा संस्कार, झालेला नसतो आणि म्हणून चर्चच्या पवित्र भूमीत त्याला जागा नसते. रात्री रानातून जाणाऱ्या वाटसरूला त्याचे रडणे ऐकू येते. स्वीडिश कथांत ते वाटसरूच्या पाठीवर बसून आपल्याला दफनभूमीत न्यायला सांगते आणि दफनभूमी जवळ येत जाईल तसतसे इतके जड होत जाते की वाहणाऱ्याचे पाय जमिनीत रुततात. त्याच्यावर उपाय असतो तो मंत्रतंत्राचा नसून नामकरणाचा : रडणे ऐकणाऱ्याने अंधारातच मुलाचे एक आणि मुलीचे एक अशी दोन नावे उच्चारावीत, कारण टाकलेले अर्भक मुलगा होता की मुलगी हे त्याला माहीत नसते, आणि नाव मिळाले की रडणे थांबते. ज्या भुताला घालवण्यासाठी त्याला हाकलून न लावता समाजात सामावून घ्यावे लागते, ते भूत त्या समाजाबद्दल बरेच काही सांगून जाते.

या कथांच्या मागे असलेली वस्तुस्थिती कायद्यांच्या पुस्तकांतून वाचता येते. आइसलँडने इ.स. 1000 च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा जुन्या रूढींतल्या ज्या मोजक्या गोष्टींना काही काळ मुभा ठेवली गेली त्यांत घोड्याचे मांस खाणे आणि नको असलेले अर्भक टाकून देणे यांचा समावेश होता. बाराव्या शतकातला इतिहासकार आरी थोरगिल्सन याने ‘इस्लेंडिंगाबोक’ या ग्रंथात तसे नोंदवले आहे आणि काही वर्षांतच ही मुभा काढून घेतली गेल्याचेही सांगितले आहे. पुढे 1687 मध्ये पाचव्या ख्रिस्तियानच्या राजवटीत नॉर्वेसाठी झालेल्या संहितेने अविवाहित मातेने अर्भक मारल्यास तिचा शिरच्छेद करून शीर खांबावर लावावे अशी तरतूद केली, आणि गुपचूप बाळंत झालेल्या स्त्रीचे मूल सापडले नाही तर ते तिनेच मारले असे गृहीत धरले. गरीब मोलकरणींवर हा कायदा कसा कोसळला असेल याची कल्पना करणे अवघड नाही : मूल जगवले तर उपजीविका जाणार, लपवले तर प्राण जाणार, आणि बाळाच्या बापाला बहुधा काहीच होणार नाही. रानातले रडणे हा या कोंडीचा आवाज आहे.

योन आर्नासोन याने 1862 ते 1864 या काळात प्रसिद्ध केलेल्या आइसलँडच्या लोककथासंग्रहात हा आवाज शब्दरूप घेतो. त्यातल्या एका प्रसिद्ध कथेत शेतावर काम करणारी एक तरुणी मेंढ्या दोहताना आपल्या सोबतिणीला सांगते की, नाचाच्या मेळाव्याला जायला आपल्याकडे धड कपडे नाहीत. तेव्हा वाड्याच्या भिंतीखालून एक कोवळा आवाज तिला आई म्हणून हाक मारतो आणि नाचायला आपले फडके घेऊन जा असे गाऊन सांगतो. ते फडके म्हणजे तिने अर्भकाला ज्यात गुंडाळून टाकले होते ते वस्त्र होय, आणि ते ऐकून ती वेडी होते. या कथेत धमकीचा किंवा सूडाचा एकही शब्द नाही, मूल केवळ आपल्याजवळची एकमेव वस्तू देऊ करते, आणि भयकथांच्या साऱ्या इतिहासात इतक्या थोडक्या सामग्रीत इतका खोल घाव घालणारी दुसरी कथा शोधावी लागेल. फिनलंडचे लोकसाहित्यअभ्यासक युहा पेंतिकाइनेन यांनी 1968 मध्ये या परंपरेवर विस्तृत ग्रंथ लिहिला. कथा, धर्मनियम आणि कायदा एकत्र वाचले तरच हे भूत समजते ही त्यांची दिशा आजही सर्वांत भरवशाची वाटते.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश बेटांवर आणि जर्मनभाषक प्रदेशांत दुसरी एक कल्पना प्रचलित होती, ती बदललेल्या मुलाची : वनदेवता किंवा परीलोकातील लोक पाळण्यातले निरोगी मूल पळवतात आणि त्याच्या जागी आपले किरटे, सतत रडणारे मूल ठेवतात. ग्रिम बंधूंच्या 1812 च्या संग्रहातही अशी एक छोटी कथा आहे. कथा म्हणून ती चमत्कृतीपूर्ण असली, तरी तिच्यावरच्या विश्वासाने जे घडवले ते कथेपुरते राहिले नाही. आयर्लंडच्या केरी परगण्यात 1826 मध्ये चालता-बोलता न येणाऱ्या एका चार वर्षांच्या मुलाला, त्याच्यातला परका जीव निघून जावा म्हणून फ्लेस्क नदीत बुडवण्यात आले आणि न्यायालयात आरोपी स्त्री निर्दोष सुटली. अपंग मुलाला ‘हे आपले नव्हेच’ असे ठरवण्याची सोय या विश्वासात होती, म्हणून त्याच्याकडे निव्वळ रम्य लोकसमजूत म्हणून पाहणे योग्य नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरी मध्यमवर्गाच्या बालवाङ्मयाने या साऱ्यावर पातळ पंखांचे आणि फुलांच्या टोप्यांचे आवरण घातले. 1917 मध्ये इंग्लंडमधल्या कॉटिंग्ली गावी दोन मुलींनी कागदी आकृत्या उभ्या करून पऱ्यांची छायाचित्रे काढली आणि 1920 मध्ये आर्थर कॉनन डॉयल यांनी ती खरी मानून जगापुढे ठेवली, तोवर परी इतकी निरुपद्रवी झाली होती की तिच्यावर विश्वास ठेवायला कोणाला भीती वाटत नव्हती. त्या दोघींनी वृद्धापकाळी, 1983 मध्ये, बनावाची कबुली दिली.

याच गोंडस काळात जे. एम. बॅरी यांनी वनबालकाची दाहकता जपली, हे मात्र पुरेशा ठळकपणे सांगितले जात नाही. पीटर पॅन हे पात्र 1902 मध्ये ‘द लिटल व्हाइट बर्ड’ या कादंबरीत प्रथम आले, 27 डिसेंबर 1904 रोजी लंडनच्या रंगभूमीवर उभे राहिले आणि 1911 मध्ये ‘पीटर अँड वेंडी’ या कादंबरीत स्थिरावले. पहिल्या पुस्तकातला पीटर लंडनच्या केन्सिंग्टन उद्यानात राहतो, आणि फाटक बंद झाल्यावर आत राहून थंडीने मरण पावलेल्या मुलांना तो पुरतो. उद्यानात असलेले दोन छोटे दगड, जे वास्तवात दोन चर्च-परगण्यांची हद्द दाखवणारे आहेत, बॅरी यांनी अशा दोन बालकांची थडगी म्हणून कथेत आणले. 1911 च्या कादंबरीत तर हरवलेल्या मुलांपैकी जी मोठी होऊ लागल्यासारखी दिसतात त्यांची संख्या पीटर कमी करतो असे एका वाक्यात सहज सांगून निवेदक पुढे जातो. बॅरी सहा वर्षांचे असताना त्यांचा थोरला भाऊ चौदाव्या वाढदिवसाच्या तोंडावर बर्फावरील अपघातात दगावला होता आणि त्यांच्या आईच्या मनात तो मुलगा कायम त्याच वयाचा राहिला, ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की न वाढणारे मूल ही बॅरी यांच्यासाठी आनंदाची कल्पना नव्हती हे उघड होते. पीटरला काहीच आठवत नाही, ज्यांच्याशी तो लढला त्यांनाही तो विसरतो, आणि वाढ नसलेल्या जीवाला स्मृतीही नसते हे बॅरी यांचे निरीक्षण उतबुर्दच्या कथांच्या नेमके उलट टोकाला जाते, कारण तिथले मूल काहीच विसरत नाही.

सगळीच वनबालके मेलेल्या किंवा टाकलेल्या मुलांपासून निर्माण झाली असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. ब्राझीलमधला उलट्या पावलांचा कुरुपिरा, ज्याचा उल्लेख जेझुइट धर्मप्रसारक जुझे द अंशिएता यांच्या 1560 च्या पत्रात आढळतो, हा शिकाऱ्यांना चकवणारा रानाचा राखणदार आहे आणि आज त्याला तांबड्या केसांच्या मुलाचे रूप दिले जाते. जपानच्या ओकिनावा बेटांवरचा किजिमुना हाही वडाच्या जातीच्या झाडात राहणारा, तांबड्या केसांचा, मासेमारीत मदत करणारा आणि मैत्री बिनसली की उलटणारा सोबती. यांच्या बाबतीत अस्वस्थता येते ती बालसुलभ लहरीपणातून : ज्याच्या हाती रानाची सत्ता आहे त्याला न्याय-अन्यायाचे मोठ्यांचे गणित ठाऊक नाही.

जपानी चित्रपटाने या दोन्ही प्रवाहांना एकत्र आणले. तोरियामा सेकिएन या चित्रकाराने 1776 च्या आपल्या भूतसंग्रहात ‘कोदामा’, म्हणजे वृक्षात वसणारा आत्मा, वृक्षाशेजारी उभ्या वृद्ध जोडप्याच्या रूपात रेखाटला होता. हायाओ मियाझाकी यांनी 1997 च्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’मध्ये त्याच कोदामांना बुटके, पांढरे, डोळ्यांच्या जागी नुसती भोके असलेले आणि डोके गरगर हलवून खडखडणारे बालरूप दिले. ही निवड फार विचारपूर्वक केलेली आहे. वृद्ध वृक्षदेवता मरते तेव्हा एक युग संपल्याचे दुःख होते, पण लोखंड गाळणाऱ्या वसाहतीमुळे वनदेवतेचा शिरच्छेद होतो आणि ही बालके झाडांवरून टपटप खाली पडतात तेव्हा दिसते ती हत्या. चित्रपटात नायक त्यांना रान निरोगी असल्याची खूण मानतो, तर त्याच्याबरोबरचा वसाहतीतला जखमी कामगार त्यांना पाहून भेदरतो, आणि ज्याच्या वसाहतीने रान तोडले त्यालाच त्यांची भीती वाटावी यात मियाझाकींचा सारा आरोप सामावला आहे.

पुढच्याच वर्षी, 1998 मध्ये, निन्टेन्डो कंपनीच्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’ या गेमने हाच विषय खेळणाऱ्याच्या हातात दिला. त्यात कोकिरी नावाची कधीच न वाढणारी मुले रानात राहतात आणि शेजारच्या भुलभुलैया रानात वाट चुकलेली माणसांची मुले ‘स्कल किड’ नावाच्या चेहराहीन जीवात बदलतात. नायक लहान असतो तेव्हा हे जीव त्याच्याशी खेळतात, पण सात वर्षांनी तो तरुण होऊन परततो तेव्हा तेच त्याच्यावर हल्ला करतात आणि त्याचे बालपणीचे कोकिरी सवंगडी त्याला ओळखत नाहीत. चित्रपटाच्या प्रेक्षकाला जे बाहेरून दिसते ते येथे खेळणाऱ्याच्या वाट्याला येते : वाढ झाली हाच अपराध ठरतो. 2000 सालच्या ‘मेजोराज मास्क’मध्ये मित्रांनी आपल्याला टाकले अशा समजुतीतून एक स्कल किड चंद्र पृथ्वीवर पाडायला निघतो, आणि टाकलेल्या मुलाची जुनी व्यथा पुन्हा कथेच्या केंद्रस्थानी येते. त्यानंतरच्या खेळांत कोकिरींचे रूपांतर पानांचे मुखवटे घातलेल्या कोरोकांत झाले. 2017 च्या खेळात ते 900 आहेत, शोधून काढायचे आहेत, आणि त्यांच्यात भिण्यासारखे जवळजवळ काही उरलेले नाही.

मराठी परंपरेतला मुंज्या या चर्चेत आणावाच लागतो, जरी त्याची वस्ती घनदाट अरण्यात नसून गावाच्या कडेच्या पिंपळावर असली. मुंज झाल्यानंतर पण सोडमुंज होण्याआधी, म्हणजे ब्रह्मचर्याश्रमाची विधिपूर्वक समाप्ती होण्यापूर्वी, दगावलेला ब्राह्मण मुलगा मुंज्या होतो असे मानले जाते. त्याला शांत करण्यासाठी पिंपळाला पार बांधण्याची आणि पिंपळाचीच मुंज लावण्याची प्रथा होती. उतबुर्दचा संस्कार कधी झालाच नाही, मुंज्याचा सुरू होऊन अर्धवट राहिला. पण दोघांचीही शांती राहिलेला संस्कार पुरा करण्यात आहे, हे साम्य वरवरचे नाही. नाशिकचे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवलेल्या सामग्रीवरून आर. ई. एन्थोवेन यांनी कोकणच्या लोकसमजुतींच्या नोंदी 1915 मध्ये प्रसिद्ध केल्या, त्यांत मुंज्या आहे. परंतु मुख्यत्वे शाळामास्तरांनी प्रश्नावलीला दिलेल्या उत्तरांवर त्या आधारलेल्या असल्याने तिथे भुताचे लक्षण मिळते, घरातली हकीकत मिळत नाही. 2024 च्या ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटाने त्याला देशभर ओळख दिली, मात्र ती संगणकाने रचलेल्या उपद्रवी आकृतीची ओळख आहे. देवी, पटकी आणि प्लेग यांच्या साथींत कोकणातल्या आणि देशावरच्या घरांनी गमावलेली मुले कोणत्या पिंपळावर, कोणत्या नावाने आठवली गेली, हे सांगू शकणारी पिढी आता फार थोडी उरली आहे. या कथा सांगणाऱ्याचे गाव, झाडाची जागा आणि घरातल्या मृत्यूची माहिती यांसह नोंदवण्याचे काम विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आणि गावोगावच्या हौशी संग्राहकांनी तातडीने हाती घ्यावे.