‘इट’ची जागा कुठली?

खोलीतून बाहेर पडताना पंखा चालूच दिसला, की आपण सहज म्हणतो, ‘तो बंद कर.’ हेच इंग्रजीत सांगायची वेळ आली, की अनेकांची जीभ ‘टर्न ऑफ’पाशी अडखळते. पुढे ‘इट’ म्हणायचं, की ‘इट’ मध्ये घालायचं? शाळेत आपण ‘टर्न ऑफ म्हणजे बंद करणे, लुक आफ्टर म्हणजे काळजी घेणे’ अशा याद्या घोकल्या. ‘इट’, ‘हिम’, ‘देम’ कुठे बसवायचे, हे मात्र त्या याद्यांत नव्हतं.

अडखळणाऱ्यांनी कमीपणा मानायचं कारण नाही. १७५५ साली निघालेल्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत सॅम्युअल जॉन्सन यांनीच लिहून ठेवलं आहे, की क्रियापदाला छोटासा शब्द जोडून अर्थ पालटण्याची ही रीत परभाषकांना फार जड जाते. अशा क्रियापदांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव रूढ झालं ते पुष्कळ नंतर, १९२५ साली आलेल्या लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकानंतर. विषय अवघड आहे खरा, पण त्याभोवतीचे गैरसमज दूर केले की बराच सोपा होतो.

गैरसमज १ : ‘टर्न ऑफ’ हे अखंड क्रियापद आहे, ते तोडता येत नाही.

वस्तुस्थिती : ‘टर्न ऑफ द फॅन’ बरोबर आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ही बरोबर. नाम असेल तर दोन्ही जागा मोकळ्या आहेत. सर्वनाम आलं, की एकच जागा उरते, ती म्हणजे मधली. ‘टर्न इट ऑफ’, ‘पिक मी अप’, ‘राइट देम डाउन’. ‘टर्न ऑफ इट’ हे चूक.

आपण इथे चुकतो, त्याला आपल्या रोजच्या बोलण्यातलं एक कारण आहे. पिकअप, चेकअप, बॅकअप, सेटअप हे शब्द मराठीत सबंध गोळा होऊन आले आणि आपण त्यांना ‘कर’, ‘घे’ जोडले. ‘मला स्टेशनवरून पिकअप कर’ म्हणायची सवय झाली, की इंग्रजीत ‘पिकअप मी’ निघून जातं. पण इंग्रजीत ‘पिकअप’ हा एक शब्द असतो तो नाम म्हणून. क्रियापद झालं की त्याचे दोन शब्द होतात आणि ‘मी’, ‘इट’ त्यांच्यामध्ये बसतात. फाइलचा बॅकअप घ्यायला सांगायचं, तर ‘बॅक इट अप’.

गैरसमज २ : या नियमाला काही कारण नाही, तो पाठच करायचा.

वस्तुस्थिती : कारण आहे. इंग्रजी वाक्य सहसा नवी किंवा वजनदार गोष्ट शेवटासाठी राखून ठेवतं. म्हणूनच लांबलचक कर्म शेवटी जातं. ‘मागच्या खोलीत रात्रभर फिरत असलेला पंखा’ एवढं सगळं ‘टर्न’ आणि ‘ऑफ’च्या मध्ये कोंबलं, तर ऐकणारा ‘ऑफ’ची वाट बघत राहील. ‘इट’ची गोष्ट उलटी. कशाबद्दल बोलणं चाललंय ते दोघांनाही आधीच माहीत असतं. ‘इट’ हलकं आणि जुनं. नवी बातमी ‘ऑफ’मध्ये आहे. त्यामुळे ‘ऑफ’ शेवटी येतं, आवाजाचा जोरही त्याच्यावर पडतो आणि ‘इट’ मध्ये विरघळून ‘टर्निटॉफ’ असं काहीसं ऐकू येतं.

गैरसमज ३ : म्हणजे सर्वनाम नेहमी मध्येच घालायचं.

वस्तुस्थिती : नाही. ‘आईची काळजी घे, तिला जप’ या अर्थी ‘लुक आफ्टर हर’ असंच म्हणायचं. ‘लुक हर आफ्टर’ होत नाही. ‘लुक फॉर इट’चंही तसंच. मराठीतून पाहिलं तर फरक लगेच कळतो. ‘तिच्याकडे बघ’ यातलं ‘कडे’ हे ‘ती’ला चिकटलेलं आहे, ‘बघ’ला नाही. ‘आफ्टर’ आणि ‘फॉर’ इथे तशीच शब्दयोगी अव्ययं आहेत. फक्त ती नामाच्या आधी येतात. ‘टर्न ऑफ’मधलं ‘ऑफ’ क्रियाविशेषण आहे, त्याचं नातं क्रियापदाशी.

छोटा शब्द तोच असला, तरी काम बदलतं आणि कामाबरोबर सर्वनामाची जागाही बदलते. ‘रॅन अप द हिल’ म्हणजे टेकडी धावत चढला. सर्वनाम घातलं की ‘रॅन अप इट’. ‘रॅन अप अ बिल’ म्हणजे बिल वाढवून ठेवलं. तिथे ‘रॅन इट अप’. ‘आय सॉ थ्रू हिम’ म्हणजे त्याचा डाव मी ओळखला. ‘आय सॉ इट थ्रू’ म्हणजे हातात घेतलेलं काम शेवटपर्यंत नेलं.

तीन शब्दांच्या क्रियापदांत शेवटचा शब्द शब्दयोगी अव्यय असतो, म्हणून सर्वनाम सहसा त्याच्यानंतर येतं : ‘पुट अप विथ हिम’, ‘लुक फॉरवर्ड टू इट’.

गैरसमज ४ : सर्वनाम गाळलं तरी अर्थ कळतो.

वस्तुस्थिती : मराठीत कळतो. ‘चष्मा काढलास?’ ‘हो, काढला.’ इथे ‘तो’ म्हणायची गरजच नसते. तीच सवय घेऊन इंग्रजीत ‘ही टुक ऑफ’ म्हटलं, तर त्याने काही काढलं असा अर्थ होत नाही. तो तडकाफडकी निघून गेला, असा होतो. ‘ही टुक इट ऑफ’ म्हणजे त्याने ते काढलं. ‘शी गेव्ह अप’ म्हणजे तिने हार मानली. ‘शी गेव्ह इट अप’ म्हणजे तिने ते सोडून दिलं. ‘वी टर्न्ड ऑफ’ म्हणजे आम्ही मुख्य रस्ता सोडून वळलो. त्यात पंख्याचा संबंध नाही. ‘वेक अप’, ‘ग्रो अप’ यांना कर्माशिवायही पूर्ण अर्थ असतो. जिथे कर्म लागतं, तिथे मात्र ‘इट’ विसरून चालत नाही.

गैरसमज ५ : वाक्याच्या शेवटी ‘ऑफ’, ‘अप’ येणं अशुद्ध.

वस्तुस्थिती : वाक्य प्रिपोझिशनवर, म्हणजे ‘आफ्टर’, ‘फॉर’सारख्या शब्दयोगी अव्ययावर, संपवू नये, ही तक्रार जुनी आहे. १६७२ साली कवी जॉन ड्रायडन यांनी नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनात हा दोष दाखवला होता. आजच्या इंग्रजीत तो दोष मानत नाहीत. शिवाय ‘टर्न इट ऑफ’मधलं ‘ऑफ’ मुळात प्रिपोझिशन नाहीच.

मग शिकायचं कसं? वहीत ‘टर्न ऑफ’ असं सुटं लिहू नका. ‘टर्न इट ऑफ’, ‘लुक आफ्टर इट’, ‘रन आउट ऑफ इट’ असं ‘इट’सकट लिहा आणि मोठ्याने म्हणा. शिकणाऱ्यांसाठीच्या ऑक्सफर्ड कोशात कर्म दोन्हीकडे चालत असेल, तर तिथे दुहेरी बाण छापलेला असतो. तो बाण दिसला, की सर्वनामाची जागा मधली. पुढच्या वेळी पंखा चालू दिसला, तर घरातल्या मुलांना ‘टर्न इट ऑफ’ म्हणा. ऐकून ऐकून ‘इट’ची जागा त्यांच्या कानात आपोआप बसेल.